डोंगरी ससा आणि त्याच्या पोटातले जंत

नमस्कार, श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या उंच माळांवर, हेदरच्या खुरट्या झुडपांत, एक ससा राहतो. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. तिथले लोक त्याला डोंगरी ससा म्हणतात. या सशांची संख्या काही वर्षं वाढत जाते, मग झपाट्याने घटते आणि पुन्हा वाढू लागते. कोल्हे, गरुड, बंदुका, कडाक्याची थंडी ही कारणं आहेतच. आज मात्र मला त्यांच्या आतड्यातल्या एका जंताबद्दल बोलायचंय.

ट्रायकोस्ट्रॉंगायलस रिटॉर्टिफॉर्मिस. नाव एवढं लांबलचक, पण जंत एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. केसासारखा बारीक, लहान आतड्यात राहणारा. त्याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की अळ्या निघतात आणि दोनदा कात टाकतात. पण दुसऱ्यांदा सुटलेली कात अळी अंगावरून उतरवत नाही, तशीच पांघरून राहते. त्यामुळे थंडी-कोरड सोसते. तोंड मात्र बंद, खाणं नाही. अंगातल्या साठ्यावर तग धरायचा, दवाने ओल्या झालेल्या पात्यावर चढायचं आणि ससा येईपर्यंत थांबायचं. सशाने पातं खाल्लं की पोटात गेल्यावरच ती कात सुटते.

हे जंत सशाचं नेमकं काय बिघडवतात? स्कॉट न्यूई आणि सायमन थर्गुड या संशोधकांनी माळावरच प्रयोग केला. हिवाळ्याच्या तोंडावर ससे पकडले, काहींना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलं, बाकीच्यांना तसंच सोडलं. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या माद्यांच्या पोटात जंत कमी होते आणि त्यांची वीण जास्त होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मेलेला ससा माळावर सापडतो, मोजता येतो. जी पिल्लं जन्मालाच आली नाहीत, त्यांची नोंद कोण ठेवणार?

आपले मेंढपाळ मेंढ्यांना जंताचं औषध पाजतात, तेव्हा हा हिशोब त्यांच्या डोक्यात असतोच. रानातल्या सशाला कोण पाजणार? ससे वाढले की लेंड्या वाढतात, पात्यांवर अळ्या वाढतात. पण एकट्या जंतांमुळेच संख्या कोसळते, असं म्हणता येत नाही. चारा, हवामान, शिकारी प्राणी यांचाही वाटा असतोच.

१ मार्च २०२१ पासून स्कॉटलंडमध्ये परवान्याशिवाय हा ससा मारता येत नाही. हे फार चांगलं झालं. आता तिथे ससे मोजायला जाणाऱ्यांनी लेंड्याही गोळा कराव्यात, त्यातली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावीत, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.