पाणी कोणाच्या विहिरीकडे चाललंय?

[दृश्य: सकाळ. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला बंद गाळा. रिकाम्या टाक्या.]

इथे कितीतरी वर्षं लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा चढत होता. टाक्या आता कोरड्या आहेत. फरशी जिथे फुटली, तिथे पिवळे डाग राहिलेत. त्या फटींतून जे क्रोमियम खाली गेलं, त्याचा माग काढायला आपण आलोय.

अंबडच्या एका अंगाला नासर्डी, दुसऱ्या अंगाला वालदेवी. पावसाचं पाणी या नद्यांकडे उतरताना डोळ्यांना दिसतं. जमिनीखालचं पाणी त्याच वाटेने जाईल याची मात्र खात्री नाही. खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे कच्चा दगड, मग अखंड दगड, आणि अधूनमधून गेरूसारखा तांबडा, चिकट थर. पाणी इथे भेगा धरून चालतं. तांबड्या थरावर अडलं की आडवं पसरतं. एका बोअरला दोन इंच पाणी लागतं आणि वीस पावलांवरच्या दुसऱ्यातून नुसता धुरळा उडतो, हे नाशिकच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणूनच जवळची विहीर आधी बाटेल असं धरून चालता येत नाही.

[दृश्य: आवारातले तीन बोअर. भूजलतज्ज्ञ ताई झाकण उघडतात.]

जमिनीखालच्या पाण्याची दिशा काढायला कमीत कमी तीन बोअर लागतात, तेही एका रेषेत नसलेले. टेप हळूहळू खाली जाते. टोकाचा सेन्सर पाण्याला टेकला की रिळातला बझर वाजतो. ताई टेप थोडी वर घेतात, पुन्हा सोडतात. दोनदा तोच आकडा आला, तरच तो वहीत उतरतो. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या, कडेवर ऑइलपेंटची लाल खूण आहे. माप दर वेळी तिथूनच.

समजा, ही खूण समुद्रसपाटीपासून ६०४.३२ मीटरवर आहे आणि पाणी तिच्याखाली ७.१८ मीटरवर लागलं. म्हणजे पातळी ५९७.१४. दुसऱ्या बोअरात ती ५९६.८० आणि तिसऱ्यात ५९६.४५ निघाली, तर उतार तिसऱ्याच्या अंगाला आहे. फरक फूट-दोन फुटांचा. खुणेची उंची मोजताना हातभर चूक झाली, तर नकाशावरचा बाण भलत्याच विहिरीकडे वळतो.

आज तिसऱ्या बोअरातली पातळी कालच्यापेक्षा खाली आहे. कुंपणापलीकडे मोटरचा आवाज येतोय.

“मावशी, मोटर कधीपासून चालू आहे?”

“पहाटे लाईट आली तेव्हापासून. टोमॅटो सुकतोय ना पोरी.”

“दुपारपर्यंत बंद ठेवाल का? आमचं माप व्हायचंय.”

“ठेवते. पण पाण्यात काय निघालं ते मला सांगशील ना?”

सांगायलाच हवं. या आवाराच्या अहवालावर पहिला हक्क मावशींचा आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: पंपाने उपसा. पाणी प्लास्टिकच्या टाकीत पडतंय.]

बोअरात साचून राहिलेलं पाणी खडकातलं खरं पाणी नव्हे. ते आधी उपसावं लागतं, साधारण तीन पट. सहा इंची बोअरात वीस मीटर पाणी असेल, तर हा उपसा हजार लिटरच्या वर जातो. हे पाणी गटारात सोडायचं नाही. टाकीत साठवून, तपासूनच त्याची विल्हेवाट लावायची. नमुना दोन बाटल्यांत. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब, आणि षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियमची बाटली आम्ल न घालता थेट बर्फात. हा दुसरा प्रकार जास्त विषारी, आणि मातीला फारसा न चिकटता पाण्याबरोबर वाहत जाणारा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम क्रोमियम इतकी आहे. तेवढ्याने पाण्याचा रंग बदलत नाही. ग्लासात ते नितळच दिसतं.

चुकीच्या जागी खणलेल्या बोअरचा अहवालही असाच नितळ येतो. एका बोअरचा, एका उन्हाळ्यातला कागद पुढे करून ‘जागा साफ आहे’ म्हणणं आम्हाला मान्य नाही. पावसाळ्यात पातळी वर चढते, कोरड्या मुरुमात अडकून बसलेलं क्रोमियम विरघळवते आणि घेऊन निघते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. तालुक्याचं भूजल समजायला ते उपयोगी आहे. अशा आवारात मात्र दर तासाची नोंद हवी. त्यासाठी आज तिन्ही बोअरांत लॉगर, म्हणजे पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं, सोडलेत.

[दृश्य: दुपार. कुंपणाजवळचा तिसरा बोअर.]

मावशींच्या विहिरीचीही एक बाटली भरून बर्फाच्या पेटीत गेली. सव्वातीनला त्यांनी पुन्हा मोटर लावली. टेप तिसऱ्या बोअरातच होती, बझर वाजत होता. दहा मिनिटांत तो थांबला. ताईंनी टेप चार सेंटीमीटर खाली सोडली, तेव्हा पुन्हा वाजला.