सहावी जागा

श्रोतेहो, नमस्कार.

लोकसभेच्या निकालाला गुलाल असतो, ढोल असतो, दिवसभर दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसलेली माणसं असतात. राज्यसभेच्या निकालाचं तसं काही नसतं. बातम्यांच्या शेवटी कधीतरी ऐकू येतं, 'अमुक राज्यातून सहा जण बिनविरोध निवडून आले.' तेवढ्यात आपण रेडिओचा आवाज कमी केलेला असतो.

पण ११ जून २०२२ ला पहाटेपर्यंत महाराष्ट्र जागा होता. राज्यात राज्यसभेच्या सहा जागा होत्या आणि उमेदवार सात. मतदानाची वेळ येण्याची ही १९९८ नंतरची पहिलीच खेप. आज त्याच निकालाबद्दल बोलायचं आहे. त्याची जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धीच आहे, असं मला वाटतं.

सातव्या उमेदवाराची कथा कोल्हापुरातून सुरू होते. संभाजीराजे छत्रपतींना अपक्ष म्हणून लढायचं होतं. शिवसेनेचं म्हणणं असं की, आधी शिवबंधन बांधा, म्हणजे पक्षात या, मग उमेदवारी. ते राजी झाले नाहीत आणि रिंगणाबाहेर राहिले. शिवसेनेनं मग कोल्हापूरचेच जिल्हाप्रमुख संजय पवार यांचं नाव पुढे केलं. भाजपनं त्यांच्यासमोर उभे केले धनंजय महाडिक, तेही कोल्हापूरचे आणि २०१९ च्या लोकसभेत हरलेले. बाकीचे पाच जण येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी आणि शिवसेनेचे संजय राऊत. लढत होती ती सहाव्या जागेची, दोन कोल्हापूरकरांत.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीतला भागाकार आहे. मतदार कोण, तर विधानसभेचे आमदार. एकूण जागा २८८. रमेश लटके यांचं मे महिन्यात निधन झालं होतं. अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात होते आणि न्यायालयानं त्यांना मतदानाची परवानगी दिली नाही. उरले २८५. जागा सहा असतील तर एकूण मतांना सातानं भागायचं. उत्तर येतं चाळीसच्या थोडं वर, म्हणजे ज्याला पहिल्या पसंतीची ४१ मतं पडली तो निवडून आला. त्याहून जास्त पडली तर जास्तीची मतं वाया जात नाहीत, मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीचं जे नाव असेल त्याच्याकडे जातात. पंगतीत एकाचं पान भरलं की वाढपी पुढच्या पानाकडे वळतो, तसंच हे.

मतदान झालं १० जूनला, विधान भवनात. त्याआधी काही दिवस आमदार पंचतारांकित हॉटेलांत मुक्कामाला होते. आपल्याच आमदारांना राखण बसवावी लागते, यातच पक्षांचा त्यांच्यावर किती भरवसा होता ते आलं. त्या दिवशीचं एक दृश्य मात्र हॉटेलांच्या बातम्यांत हरवू नये. पुण्याच्या कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप दोघंही गंभीर आजारी होते. दोघंही रुग्णवाहिकेतून मुंबईला आले आणि मत देऊन गेले. पुढच्या सहा-सात महिन्यांत दोघंही गेले. एका मताची किंमत त्या दिवशी त्यांच्या पक्षाला किती वाटत होती, हे त्या रुग्णवाहिका पाहून कळत होतं.

संध्याकाळी मोजणी सुरू व्हायची, ती झालीच नाही. भाजपनं सत्तेतल्या महाविकास आघाडीच्या, म्हणजे शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या, तिघांच्या मतांवर आक्षेप घेतला: जितेंद्र आव्हाड, यशोमती ठाकूर आणि शिवसेनेचे सुहास कांदे. आघाडीनं सुधीर मुनगंटीवार आणि रवी राणांवर घेतला. तक्रार दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेली. राज्यसभेत पक्षाच्या आमदारानं आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. ही उघड मतदानाची पद्धत २००३ पासून आहे. पण दाखवायची ती फक्त त्यालाच, दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडली तर मत बाद. आयोगानं मध्यरात्रीच्या सुमारास कांदे यांचं मत बाद केलं, बाकीची ग्राह्य धरली. वैध मतं राहिली २८४.

पहाटे आकडे आले. गोयल ४८, बोंडे ४८, प्रतापगढी ४४, पटेल ४३, राऊत ४१. संजय पवारांना ३३, महाडिकांना २७. पहिल्या पसंतीत महाडिक सहा मतांनी मागे होते आणि तरी निवडून आले. कारण गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी सात-साडेसात मतं जास्तीची होती, ती महाडिकांकडे वळली आणि ते ४१ च्या पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती देवेंद्र फडणवीसांच्या चाणाक्षपणाची. नियम असा की ज्याच्याकडे जास्तीची मतं सर्वांत अधिक, त्याची वाटणी आधी. म्हणून भाजपनं आपल्या दोघांना ४८-४८ दिली, काँग्रेसच्या ४४ पेक्षा वर नेऊन ठेवली आणि आपली दुसरी पसंती आधी मोजून घेतली. खेळी हुशारीची होतीच. पण श्रोतेहो, कागद-पेन्सिल घेऊन बसा. भाजपच्या तिघांची पहिली पसंती मिळवा: ४८, ४८ आणि २७, एकूण १२३. तिघांत वाटा, प्रत्येकी बरोबर ४१. म्हणजे तीन माणसं निवडून आणण्याइतकी मतं पदरात होतीच, वाटणी कुठल्याही क्रमानं केली तरी. आता आघाडीची बेरीज करा. ४४, ४३, ४१ आणि ३३ म्हणजे १६१. चौघांत वाटली तर प्रत्येकी सव्वाचाळीस. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, २८४ ला सातानं भागल्यावर साडेचाळीसच्या किंचित वर. पहिल्या तिघांकडची सगळी जास्तीची मतं पवारांच्या पदरात टाकली तरी ते ३९ च्या आसपासच थांबतात. ज्या कांदेंच्या मतासाठी सगळ्यांनी रात्र जागून काढली, ते वैध ठरलं असतं तरी कोटा तसूभर वाढला असता आणि महाडिक आलेच असते. भाजपच्या बाजूनं पडलेली दोन मतं आघाडीकडे गेली असती, तर मात्र कागदावर निकाल फिरत होता. फक्त दोन.

म्हणून मी या निकालाला गणिताचा विजय म्हणत नाही. गणितानं फक्त मोजलं. खरा प्रश्न असा की १०६ आमदारांच्या पक्षाला १२३ मतं कुठून आली? विधानसभेत अपक्ष आणि छोट्या पक्षांचे मिळून २९ जण होते. काही उघडपणे भाजपसोबत होते, काही आघाडीसोबत, काही दोघांनाही हो म्हणत होते. इथे उघड मतदानाच्या कायद्यातली फट दिसते. पक्षाच्या आमदारानं मत दाखवायचं, पण अपक्षाला कुणालाच दाखवायचं नसतं. ज्यांच्यावर निकाल अवलंबून, नेमकी त्यांचीच पेटी बंद. निकालानंतर काही अपक्षांची नावं घेऊन आरोप झाले आणि इन्कारही झाले. खरं-खोटं कसं करणार? शरद पवार त्या सकाळी त्रागा न करता बोलले. फडणवीसांनी माणसं आपलीशी केली हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. मला तेच विश्लेषण सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारनं विश्वासदर्शक ठराव जिंकला तेव्हा बाजूनं १६९ मतं होती. अडीच वर्षांनी १६१. तुरुंगातले दोघं, दिवंगत लटके, बाद ठरलेले कांदे, सगळे धरले तरी १६९ होत नाहीत. सरकार चालवणाऱ्यांनी त्या सकाळी ही वजाबाकी मांडायला हवी होती. मांडली असेलही, पण हाताशी वेळ नव्हता. दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेची निवडणूक होती आणि तिथे मतदान गुप्त. कुणी कुणाला काही दाखवायचं नाही. भाजपची १२३ मतं तिथे १३४ झाली, पाचही उमेदवार आले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतच्या वाटेला लागले. २९ जूनला ठाकरेंनी राजीनामा दिला.

महाराष्ट्रच असा आहे असं नाही. १० जून २०२२ लाच हरियाणात काँग्रेसचे अजय माकन एक मत बाद झाल्यामुळे आणि एक आमदार फुटल्यामुळे थोडक्यात हरले. हिमाचलमध्ये २७ फेब्रुवारी २०२४ ला तर काँग्रेसचे सहा आमदार फुटले आणि ३४-३४ अशी बरोबरी झाली. मग चिठ्ठ्या टाकल्या. तिथला नियम आपल्या समजुतीच्या उलटा निघाला: ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो बाद. चिठ्ठी निघाली अभिषेक मनु सिंघवींची. भाजपचे हर्ष महाजन खासदार झाले.

आणि ते चंद्रकांत हंडोरे? २०२४ च्या फेब्रुवारीत काँग्रेसनं त्यांना राज्यसभेची उमेदवारी दिली. महाराष्ट्रातून पुन्हा सहा जागा होत्या, पण या वेळी अर्जही सहाच टिकले. सातव्याचं नाव कुठल्या पक्षानं पुढे केलं नाही. मतपत्रिका लागल्या नाहीत, हॉटेलं लागली नाहीत. अर्ज मागे घेण्याची मुदत दुपारी तीनला संपली आणि निकाल लागला. नमस्कार.