पुन्हा सांगाल का?

श्रोतेहो, नमस्कार.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी सकाळी दहा वाजता तळघरातली एक खोली उघडते. घडीच्या खुर्च्या आणि एक पांढरा फळा. त्या फळ्याचा मार्कर हमखास सुकलेला असतो. समोर चौदा-पंधरा माणसं. पंजाबातला ट्रकचालक, वृद्धाश्रमात काम करणारी डॉमिनिकन रिपब्लिकची बाई, इजिप्तचं एक जोडपं, दोन-तीन गुजराती आजी आणि आपली चार-पाच मराठी मंडळी. सगळ्यांना अमेरिकेचं नागरिक व्हायचंय. वर्ग फुकट, आणि शिकवणाऱ्यांनाही पगार नाही. त्या शिकवणाऱ्यांतली मी एक. पुण्यात बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, मुलीच्या मागोमाग तिकडे गेले. याच वर्गात बसून परीक्षा दिली आणि मग खुर्चीवरून उठून फळ्यापाशी गेले, एवढाच माझा अधिकार.

सध्या महिनाभर इकडे आले आहे. भेटेल तो विचारतो, "ती शंभर प्रश्नांची परीक्षा ना? पाठ केले की झालं!"

पहिली गोष्ट म्हणजे, शंभर आता जुने झाले. 20 ऑक्टोबर 2025 पासून ज्यांनी अर्ज केला, त्यांच्यासाठी 128 प्रश्नांची यादी आहे. त्यातले अधिकारी वीसपर्यंत विचारतो, बारा बरोबर यावे लागतात. आधी दहा विचारायचे आणि सहा पुरायचे. सगळं तोंडी. चार पर्यायांतून एक निवडा, असला प्रकार नाही. यादी उत्तरांसकट सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. एखादा एजंट तीच यादी बाइंडिंग करून विकत असेल, तर पैसे बाइंडिंगचे आहेत असं समजा.

आणि पाठांतराचं म्हणाल, तर तो आपला हातखंडा. रामरक्षा म्हणणाऱ्या आणि पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला 128 उत्तरं म्हणजे काय! आमचे लोक उलट जास्तच सांगतात. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाचे तीन हक्क सांगा म्हटलं, की भाषण, धर्म, सभा, सरकारकडे दाद मागणं, शस्त्र बाळगणं असे पाच एका श्वासात. मी म्हणते, अहो, तीन विचारलेत, तीन सांगा आणि थांबा. ते थांबणं शिकवायलाच दोन शनिवार जातात.

खरी अडचण प्रश्न समजण्याची. आमच्या वर्गात माण तालुक्यातल्या एक बाई आहेत, सातवी पास, वय 66. सगळा वर्ग त्यांना आक्का म्हणतो, ती डॉमिनिकन बाईसुद्धा. पहिल्या दिवशी मी त्यांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही इथं कशा आलात? आक्का हसून म्हणाल्या, "येस." मी विचारलं, किती वर्षं राहता? "येस." आयुष्यभर समोरच्याचं बोलणं कळलं नाही, तर मान डोलवून वेळ निभावून न्यायची सवय. साहेब, डॉक्टर, तलाठी, सून, सगळ्यांपुढे तीच. मुलाखतीत मात्र ही सवय घात करते. अर्जात वीस-तीस प्रश्न असे असतात की त्यांना भलतं "येस" म्हटलं, तर माणूस दहशतवादी ठरेल!

म्हणून आमच्या वर्गात वॉशिंग्टन आणि लिंकन मागाहून येतात. पहिलं वाक्य फळ्यावर येतं ते, "कुड यू प्लीज रिपीट दॅट?" पुन्हा सांगाल का? परीक्षेत हे चालतं, गुण कापत नाहीत. पण हे तोंडातून निघायला आक्कांना तीन महिने लागले. "अहो बाई, साहेबाला उलट कसं विचारायचं?" मी म्हणायचे, उलट नाही हो, परत विचारायचं.

आता इथं बसलेल्या आई-वडिलांच्या कामाचं एक सांगते. वय झालं की इंग्रजीतून सूट मिळते, असा मोठा गैरसमज आहे. सूट आहे, पण ती नुसती वयावर नाही. पन्नाशीपुढे आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षं, किंवा पंचावन्नच्या पुढे आणि पंधरा वर्षं, असा हिशेब आहे. पासष्टच्या पुढे आणि वीस वर्षं झालेल्यांना तर वीसच निवडक प्रश्न आणि तेही स्वतःच्या भाषेत. आपले लोक मुलाकडे जातात साठीनंतर. पाच वर्षं झाली की अर्ज करतात. म्हणजे वय 66, पण वर्षं पाच. सूट शून्य. बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं इंग्रजीत. दुखण्यामुळे शिकणंच शक्य नसेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची वेगळी वाट आहे, पण ती खरोखरच्या आजाराची.

दुसरं असं, की त्या पाच वर्षांतले निम्मे दिवस, म्हणजे तीस महिने, तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. नातवाची मुंज, मग भाचीचं लग्न, मग घराच्या रंगकामावर देखरेख, असं करत सलग सहा महिन्यांच्या वर पुण्यात राहिलात, तर वास्तव्य तुटलं असंच धरून चालतात आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. जाण्या-येण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे पासपोर्टाच्या शिक्क्यांवरून तारखा जुळवत बसलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यात भांडणंही होतात.

लिहिण्याची परीक्षा सोपी वाटते. अधिकारी वाक्य सांगतो, तीनपैकी एक बरोबर आलं की पुरे. "वॉशिंग्टन इज ऑन द डॉलर बिल" अशा तऱ्हेचं वाक्य. पण हल्ली ते टॅब्लेटच्या काचेवर, प्लास्टिकच्या लेखणीनं लिहायचं असतं. काचेवर अक्षर घसरतं, तळहात टेकला की मध्येच रेघ उमटते. मी नातवाचा जुना टॅब्लेट घेऊन गेले. ट्रकचालकाचा हात थरथरला. आक्कांनी तो मांडीवर घेतला, लेखणी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर पाटीच की!" आणि पुसायला सहज पदराचं टोक काढलं. आम्ही हसलो, पण त्या दिवशी वर्गात सर्वात ठसठशीत डब्ल्यू त्यांचा होता.

अर्जातल्या "हॅव यू एव्हर" या तीन शब्दांवर मी अख्खा तास घेते. एव्हर म्हणजे कधीही, आणि कुठेही. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, असा प्रश्न आहे. आटपाडीकडचे एक निवृत्त गुरुजी वर्गात येतात, वय ऐंशीच्या घरात. मुलानं अर्ज भरताना अर्थातच "नाही" लिहिलं होतं. आमचे अण्णा आणि अटक? तासाला गुरुजींनी हात वर केला. "एव्हर म्हणजे 1975 सुद्धा का?" आणीबाणीत सत्याग्रह करून ते येरवड्याला जाऊन आले होते! त्यांना अभिमानाची गोष्ट, पण अमेरिकेच्या कागदावर ती अटकच. लपवली तर खोटं सांगितल्याचा ठपका, सांगितली तर समजावून देता येते.

अशा वेळी आम्ही शिकवणारे हात जोडतो. आम्ही वकील नाही. अटक, थकलेला कर, जुनं लग्न, पक्षाचं सभासदत्व, असं काही निघालं की सरकारमान्य कायदा-मदत संस्थेकडे पाठवायचं, आपलं शहाणपण चालवायचं नाही. गुरुजींचं काम सोपं झालं, कारण आपल्या राज्य सरकारच्या मानधनासाठी त्यांनी तुरुंगाचे कागद आधीच जमवून ठेवले होते.

आपल्याला आज हे सगळं फी भरली, फॉर्म भरला इतकं साधं वाटतं. फी आहे 760 डॉलर, ऑनलाइन केलं तर 710, आणि उत्पन्न कमी असेल तर सवलतही. पण 1790 च्या कायद्यात नागरिक होण्याची अटच होती "गोरा माणूस". मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांचं नागरिकत्व 1910 साली न्यायालयात टिकलं, ते पारशी गोऱ्यांत मोडतात की नाही यावर कीस पाडून! पुढे भगतसिंग थिंड, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला माणूस, 1923 साली सर्वोच्च न्यायालयात हरला. हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, असा निकाल झाला आणि ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं. दार उघडलं 1946 मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसं येऊ देण्यापुरतं. मी हे वर्गात सांगते तेव्हा गुजराती आजी डोळे मोठे करतात. परीक्षेच्या यादीत हे नाही. मी तरी सांगते.

यादीत नसलेली आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा प्रश्न चालला होता, लिंकनचा, गुलामांना मुक्त करणारा. मी म्हटलं, आमच्या पुण्यात 1873 साली जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. अर्पणपत्रिका इंग्रजीतही आहे, ती वाचून दाखवली. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई कृष्णवर्णीय आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मार्कर माझ्या हातात देऊन म्हणाल्या, नाव लिहा फळ्यावर. मी लिहिलं, इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. मार्कर त्या दिवशी चालला.

असे वर्ग तिकडे नवे नाहीत. शिकागोत जेन ॲडम्स यांनी 1889 मध्ये हल हाऊस सुरू केलं, तिथं इटालियन, पोलिश, ग्रीक कामगार दिवसभर राबून रात्री इंग्रजी शिकायला बसायचे. आपल्याकडे फुले दांपत्यानं त्याच्या कितीतरी आधी, 1855 मध्ये, कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दमलेलं मोठं माणूस मुलासारखं शिकत नाही. त्याला चुकण्याची लाज वाटते. ती जाईपर्यंत चहा पाजावा लागतो. आमच्याकडे चहाच्या जोडीला आक्कांचा चिवडा.

काही प्रश्नांना मात्र आपली माणसं अडखळतात ती इथलं जास्त माहीत असल्यामुळे. गव्हर्नर म्हटलं की राज्यपाल, राष्ट्रपतींनी नेमलेला. तिकडचा गव्हर्नर लोक निवडून देतात, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा मानला तर डोक्यात बसतो. उलट एक प्रश्न आम्हाला घरचा वाटतो. संविधान "वुई द पीपल" या तीन शब्दांनी सुरू होतं, त्यांचा अर्थ काय? आक्कांनी लगेच म्हटलं, "आम्ही, भारताचे लोक." नातीच्या शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असतं ना, तिथून पाठ.

आणि तेच तर सोडायचं असतं. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. आपला कायदा दोन्हीकडे पाय ठेवू देत नाही. पासपोर्ट जमा करायचा, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड, घ्यायचं. त्यावर येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. सातबाऱ्याचा विषय निघाला की वर्गातला मराठी कोपरा फार वेळ गप्प होतो. मी घाई करत नाही. दोघं-तिघं त्या दिवसानंतर परत आली नाहीत, त्यांनी ग्रीन कार्डावरच राहायचं ठरवलं. तेही बरोबरच आहे, वर्ग म्हणजे काही भरतीचा तंबू नाही.

शपथेत एक जुनाट शब्द आहे, पोटेंटेट. परक्या राजा-महाराजांवरची निष्ठा मी सोडतो, अशा अर्थाचं वाक्य. गुरुजींनी शब्दकोश काढला. "म्हणजे संस्थानिक! मी औंध संस्थानातला जन्मलेला. पण आमच्या महाराजांनी 1939 सालीच कारभार लोकांच्या हाती दिला होता. मी आता सोडू कुणाची निष्ठा?" इजिप्तच्या जोडप्याला हे समजावून सांगता सांगता तास संपला.

आक्कांची मुलाखत मार्चमध्ये झाली. मुलगा बाहेर बसला, आत एकट्याच. मी सांगून ठेवलं होतं, खोलीत गेल्यावर लगेच बसू नका, आधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ असते. दुपारी फोन आला. मी विचारलं, काय झालं?

"पास झाले. तीनदा रिपीट म्हणायला लावलं त्याला. तिसऱ्यांदा तो सावकाश बोलला, मग कळलं."

"मग आवाज असा का?"

"अहो बाई, तेरा प्रश्न विचारले आणि थांबला. एक चुकला माझा, पण बारा आले म्हणून बस म्हणाला. अजून सात राहिले होते की! मला सगळे येत होते."