शब्दांच्या मागे काय चाललंय?

श्रोतेहो, नमस्कार.

'मी पैसे घेतले नाहीत.' रेकॉर्डिंगमधल्या या वाक्यातला शेवटचा शब्द उडवायला साध्या संगणकावर दोन मिनिटंही लागत नाहीत. जोड इतका सफाईदार बसतो, की कानाला शंकाही येत नाही. आणि एका माणसाची अब्रू जाते. पण कापणाऱ्याचं सारं लक्ष शब्दांवर असतं. तपासणारा ऐकतो ते शब्दांच्या मागे चाललेलं.

विजेच्या उपकरणांजवळ रेकॉर्डिंग केलं, की त्यात अनेकदा एक बारीक गुणगुण उतरते. ती येते विजेच्या वारंवारितेतून, म्हणजे वीज सेकंदाला जितके हेलकावे घेते त्यातून. ही वारंवारिता बऱ्याच देशांत 50 हर्ट्झ, अमेरिकेत 60. मात्र ती अगदी नेमकी कधीच नसते. मागणी वाढली की किंचित उतरते, घटली की चढते, 49.98, 50.01, असं सतत चालू. शिवाय एका ग्रिडवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्यावर, सगळीकडे हा चढउतार एकाच वेळी जवळपास सारखाच असतो. रुमानियाचे कातालिन ग्रिगोरास यांनी यावरून तपासाची पद्धत बसवली. लंडनचे पोलीस तर 2005 पासून ग्रिडची ही नोंद ठेवत आले. गुणगुण नोंदीशी ताडली, की रेकॉर्डिंग कधीचं ते कळू शकतं. मधला तुकडा काढलेला असेल, तर वर चढणारी लाट अचानक भलत्याच टप्प्यावरून सुरू झालेली दिसते. मला या साऱ्या शास्त्रातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. पुरावा विजेच्या तारांनीच लिहून ठेवलेला!

खोलीचंही तसंच. शब्द संपला तरी त्याचा घुमारा क्षणभर रेंगाळतो. शब्द कापला आणि घुमारा उरला, किंवा घुमारा मध्येच तुटला, तर तिथे काहीतरी झालंय. एमपीथ्री फाइलमध्ये आवाज 1152 नमुन्यांच्या, म्हणजे क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या, चौकटींत साठतो. काटछाट करून फाइल पुन्हा सेव्ह केली, की जुन्या चौकटींच्या खुणा नव्यांशी सहसा जुळत नाहीत.

पण या खुणा नाजूक असतात. मेसेजिंग ॲपवरून पाठवताना आवाजाची फाइल पुन्हा दाबून लहान केली जाते आणि त्या पुसट होतात. म्हणून, श्रोतेहो, तपासणीला द्यायची ती मूळ फाइल, ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली त्या यंत्रासह. फॉरवर्ड केलेली प्रत नव्हे. फाइल हाती येताच तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठशासारखा आकडा, काढून घ्यावा. पुढे एक बिट जरी बदलला, तरी हॅश पार वेगळा येतो. मात्र तो काढण्याआधी फाइलला कुणी हात लावला होता का, हे हॅश सांगू शकत नाही.