दाभोळ मुंबईपासून किती लांब?

(दृश्य : दाभोळचा धक्का. ओहोटी. चिखलात टेकलेल्या होड्या, पलीकडे धोपाव्याचा किनारा.)

दाभोळ मुंबईपासून किती लांब? आज कुणालाही विचारा, तो खिशातून फोन काढेल. त्याच्या पणजोबांना विचारलं असतं, तर त्यांनी उलट विचारलं असतं, "कधी? शिमग्यात की श्रावणात?"

प्रश्न रास्त होता. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत खाली वेंगुर्ला, पणजीकडे जायची. ठिकठिकाणी ती लांब, खोल पाण्यात उभी राहायची. ट्रंका, बोचकी, पोरंटोरं पडावात उतरायची आणि पडाव हेलकावत किनाऱ्याला लागायचा. पण हे सगळं उघडिपीत. पावसाळ्यात समुद्र खवळला, की बोटी बंद. शिमग्याला मुंबईच्या शेजारी असलेलं दाभोळ आषाढात कित्येक महिने लांब जायचं.

रेवसची जवळची बोट तेवढी पावसातही चाले. 17 जुलै 1947 रोजी सकाळी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ लाटांनी उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई तिथून अवघ्या काही मैलांवर, तरी तिला हे कळायला कित्येक तास लागले. ज्यांची माणसं बुडाली, ते लोक त्या वेळी गिरणीत, बाजारात, आपापल्या कामात होते.

(दृश्य : खाडीतून वर जाणारी होडी. पाण्याचा आवाज. थोडा वेळ निवेदन नाही.)

इथे घड्याळ आलं, पण खाडीने ते कधी फारसं मनावर घेतलं नाही. 1906 सालापासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली. त्या वेळेप्रमाणे रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर. म्हणजे भिंतीवरचे बारा हे मुळात दुसऱ्याच कुणाचे तरी बारा. खारवी, कोळी मात्र तिथी धरून चालत. तिथीची पाऊणपट करायची : चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. हा हिशेब बोटांवर करणारी माणसं अजून आहेत. भरती चढली की वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतं थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत जायची. खाडी हाच हमरस्ता होता.

मग 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचं लोकार्पण झालं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, नव्वदावर बोगदे. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण हा रूळ बंदरांना विचारून टाकलेला नाही. तो किनारा सोडून आतून, डोंगर पोखरत गेला. खेड, चिपळूण, कणकवली मुंबईच्या जवळ आली आणि ज्यांच्या दारात बोट लागायची ती दाभोळ, जयगड, विजयदुर्ग रस्त्याच्या टोकाला जाऊन बसली. समोरासमोर दिसणारी दोन गावं, आणि मधली खाडी हा अडथळा. नकाशावर एक रेघ ओढली आणि कोकणाचं तोंड समुद्राकडून डोंगराकडे फिरलं. हे बोलायला फारसं कुणाला आवडत नाही, कारण गाडीची गरज सगळ्यांनाच होती. मलाही आहे.

आणि पाऊस? तो अजून हटलेला नाही. दरवर्षी जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. दरडीच्या भीतीने गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि रूळ तपासायला माणसं पायी फिरतात. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरताना डब्यातले सगळे एकदम "हॅलो, हॅलो" करू लागतात, मग गप्प होतात. मुंबई-रत्नागिरी प्रवासात शेजाऱ्याशी बोलायची वेळ आता तेवढीच उरली आहे.

(दृश्य : वेलदूर. चुलीवर भाताचं आधण. भिंतीला टेकवून ठेवलेला फोन.)

वेलदूर दाभोळच्या समोर, खाडीपलीकडे. या काकूंना लहानपणची वस्तीची एसटी आठवते. रात्री गावात मुक्कामाला थांबायची, पहाटे निघायची. तिचं इंजिन सुरू झालं की लोक उठायचे. मुंबईला गेलेला माणूस पोचला का, हे "सुखरूप पोचलो" असं कार्ड आल्यावर कळायचं. आठ दिवस काळजी करायची, मग एकदम सोडून द्यायची.

आज हरतालिका. उद्या गणपती. मुलगा पहाटे ठाण्याहून निघालाय आणि त्याने फोनवर लाईव्ह लोकेशन पाठवलंय. काकूंच्या पडद्यावर निळा ठिपका. माणगावात तो पाऊण तास हललाच नाही. त्या पाऊण तासात काकू आठ वेळा उठल्या. लोणेऱ्याला ठिपका आत वळला, म्हाप्रळ गेलं, दापोली गेली. चिपळूणला वळसा न घालता तो दाभोळवरून येतोय, कारण इथे गेली वीसेक वर्षं फेरीबोट आहे. गाडीसकट माणूस दहा-पंधरा मिनिटांत खाडीपार.

काकूंचा आज उपास. भात एकट्या मुलासाठी. तांदूळ धुऊन ठेवलेत, पण आधणात टाकलेले नाहीत.

"तृतीया म्हणजे सव्वादोन," त्या म्हणतात. "भरतीला आलाय. गाडी चढवायला त्रास नाही."

आणि फोनकडे बघतात. रस्ता संपलाय. ठिपका निळ्या खाडीच्या मधोमध, निळ्यावर निळा, जेमतेम दिसतोय.

त्या तांदूळ टाकतात.