चिकन पाप्रिकाश: पातेलं आचेवरून कधी उतरवायचं

(दृश्य: पातेल्यात चरबी वितळते आहे)

दोन मोठे कांदे, साधारण 300 ग्रॅम, अगदी बारीक चिरलेले. तीन मोठे चमचे डुकराची चरबी. हंगेरीतल्या घरांत चौघांसाठीचं चिकन पाप्रिकाश, म्हणजे पाप्रिका या लाल मिरचीची पूड आणि आंबट साय घातलेला चिकनचा रस्सा, इथून सुरू होतं. चरबी नको असेल तर सूर्यफुलाचं तेलही चालतं.

चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं कांदा परतायचा. तो मऊ आणि पारदर्शक व्हायला हवा, तांबूस मुळीच नको. या रश्शाला दाटपणा येतो तो बराचसा विरघळलेल्या कांद्यामुळेच. फोडी मोठ्या राहिल्या किंवा घाई झाली, की रस्सा पाणचट होतो.

आता पातेलं आचेवरून खाली. बरेच जण आच नुसती बारीक करतात. तेवढ्याने भागत नाही. पाप्रिकेच्या पुडीत साखर असते आणि तापलेल्या चरबीत ती काही सेकंदांत करपते. पूड तपकिरी झाली की रस्सा कडू झालाच म्हणून समजा. मग साय घाला, साखर घाला, तो कडूपणा जात नाही. सरळ नवे कांदे चिरायला घ्यावेत. तरी पूड घालायची ती चरबीतच, कारण तिचा लाल रंग पाण्यात नव्हे, स्निग्धात उतरतो. म्हणून पातेलं खाली, दोन मोठे चमचे पूड, पंधरा-वीस सेकंद ढवळणं आणि लगेच अर्धी वाटी पाणी.

(दृश्य: सेगेडच्या लाल मिरच्यांच्या माळा)

पूड गोड पाप्रिकेची, हंगेरीत जिला ‘एदेशनेमेश’ म्हणतात ती. दक्षिणेकडच्या सेगेड आणि कालोचा या गावांची पाप्रिका नावाजलेली आहे. सेगेडच्याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ताज्या पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. धुरावलेली पाप्रिका स्पेनची, ती इथे नको. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीने रंग येईल, पण दोन मोठे चमचे पडले तर मुलं ताटाला हात लावणार नाहीत.

चिकन सव्वा किलो, हाडासकट. तंगड्या आणि मांड्या उत्तम, छातीचे तुकडे कोरडे पडतात. सोबत दीड लहान चमचा मीठ, एक चिरलेला टोमॅटो, एक फिकट पिवळी ढोबळी मिरची. पाणी तुकड्यांच्या निम्म्यापर्यंतच. बुडवलेत तर सूप होईल. झाकण ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटं.

तेवढ्यात नोकेडली, म्हणजे पाण्यात उकडलेले मैद्याचे छोटे गोळे. 300 ग्रॅम मैदा, दोन अंडी, एक लहान चमचा मीठ आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी. पीठ चमच्यावरून जडपणे ओघळेल इतपत सैल हवं. गुठळ्या थोड्या राहिल्या तरी राहू द्या. जास्त घोटलं की नोकेडली चिवट होतात. मोठ्या भोकांच्या खिसणीतून पीठ थेट उकळत्या खारट पाण्यात पाडायचं. बुंदीच्या झाऱ्याची भोकं यासाठी बारीक पडतात. गोळे वर तरंगले की मिनिटभराने निथळून थोड्या चरबीत घोळवायचे, नाहीतर एकमेकांना चिकटतात.

शेवटी तेयफॉल, म्हणजे हंगेरीची आंबट साय: 200 ग्रॅम, 20 टक्के स्निग्धांशाची. ती थंडगार असताना उकळत्या रश्शात ओतली की फुटते. आधी तिच्यात एक मोठा चमचा मैदा गुठळ्या न ठेवता कालवायचा, मग गरम रश्शाचे तीन-चार डाव एकेक करत मिसळायचे. तुकडे बाजूला काढून हे मिश्रण पातेल्यात ओतायचं आणि मैद्याचा कच्चेपणा जाईपर्यंत चार-पाच मिनिटं हळूच खदखदू द्यायचं. तेयफॉल मिळालं नाही तर चक्का आणि फ्रेश क्रीम निम्मं-निम्मं घ्या. नुसतं पातळ दही नको, त्यात स्निग्धांश कमी असल्याने ते हमखास फुटतं.

तुकडे परत रश्शात, नोकेडली ताटात, वर रस्सा. सोबत काकडी: पातळ काप मीठ लावून वीस मिनिटं ठेवायचे, पिळायचे, मग व्हिनेगर, साखर आणि थोडं पाणी.

उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना चमचाभर पाणी घाला आणि आच मंद ठेवा.