७३९३९१३३: शेपूट कापत गेलं तरी मूळच!

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर ही संख्या बघा: ७,३९,३९,१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. ही मूळ संख्या आहे. पण तेवढ्यासाठी व्हिडिओ केला नसता. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवलंय.

आता उजवीकडचा शेवटचा अंक पुसूया.

(स्क्रीनवर एकेक अंक पुसला जातो)

७३९३९१३. मूळ! अजून एक पुसा: ७३९३९१. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी ७. एकूण एक मूळ!

असं शेवटपर्यंत टिकणाऱ्या संख्या फक्त ८३ आहेत आणि त्यांतली सगळ्यात मोठी ही. 'आजवर सापडलेली मोठी' असं नाही हं, हिच्यापेक्षा मोठी असूच शकत नाही. मला ही संख्या आवडते ती याचसाठी.

का असू शकत नाही? उलट्या दिशेने जाऊ. ७ घ्या आणि उजवीकडे एकेक अंक जोडत चला. सम अंक जोडला की २ ने भाग जातो, ५ जोडला की ५ ने. म्हणजे हातात उरले १, ३, ७, ९. आता ३ ची कसोटी लावा: अंकांची बेरीज करा आणि ३ ने भागल्यावर बाकी काय उरते ते बघा. ३ किंवा ९ जोडला तर बाकी हलत नाही. १ किंवा ७ जोडला की ती एकाने पुढे सरकते. ७ ची बाकी १. पुढे ३, ९, ३, ९ आले, बाकी १ च. मग १ आला आणि बाकी झाली २. इथून पुढे आणखी एक १ किंवा ७ आला की बाकी शून्य, खेळ खलास! म्हणून त्यानंतर फक्त ३ आणि ९ चालतात.

तर नववा अंक ३ घेऊ: ७३९३९१३३३ = १२७ × ५८२१९७९. गेली! ९ घेतला तर तीही संयुक्तच निघते. रस्ता बंद.

आठ अंकी सोबती आणखी चार आहेत: २३३९९३३९, २९३९९९९९, ३७३३७९९९, ५९३९३३३९. तेही सगळे इथेच अडकतात.

डावीकडून अंक पुसायचे ठरवलं, तर मात्र ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७ इथपर्यंत पोचता येतं, तब्बल २४ अंक! कारण डावीकडे १ ते ९ पैकी कुठलाही अंक लावायची मुभा असते, एकक स्थानचा ७ जागचा हलत नाही.

एक मात्र खरं, हा गुण आपल्या दशमान लेखनाचा आहे. पाया बदलला की यादीही बदलते.

आता वही घ्या. ३७३३७९९९ मध्ये ३ नंतर ७ दोनदा आलाय, आपल्या संख्येत तर अशी सूट एकदाच मिळाली होती. मग इथे दोनदा कशी चालली? पहिल्या अंकाची बाकी काढून बघा.